हानेलोरची बातमी

झिंडेलफिंगेनच्या जुन्या गावात, चर्चकडून खाली उतरणाऱ्या गल्लीत एबरहार्ड श्टेगरने चाळीस वर्षं रेकॉर्डचं दुकान चालवलं. फक्त कंट्री म्युझिक. कुणी पॉप मागायला आलंच तर तो नुसता दाराकडे बोट दाखवायचा. जवळच्या छावणीतले अमेरिकन सैनिक शनिवारी यायचे आणि कानाला हेडफोन लावून दोन-दोन तास उभे राहायचे. त्यांचं बघून आसपासचे जर्मनही यायला लागले. कुणी सुतार, कुणी बसड्रायव्हर, डोक्यावर काऊबॉय टोपी आणि बोली पक्की श्वाबिश. एबरहार्डची बायको हानेलोर गल्ल्यावर बसायची आणि अकरा वाजले की कोपऱ्यावरच्या बेकरीतून सगळ्यांसाठी ब्रेट्झेल आणायची.

श्रीरंग दाबके तिथे पहिल्यांदा गेला तो २००६ साली. पुण्याहून तो इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिन टेस्टिंगला आला होता. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एका मित्राच्या कॅसेटवर त्याने स्टील गिटार ऐकली होती, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ती मींड त्याच्या डोक्यात कायमची बसली होती. तो दर शनिवारी जाऊ लागला. पाचव्या वर्षी एबरहार्डने त्याला 'हेर श्टेगर' सोडून नुसतं नावाने हाक मारायला सांगितलं. श्रीरंगने घरी येऊन ही गोष्ट बायकोला, सुनेत्राला, प्रमोशन मिळाल्यासारखी सांगितली.

२०१९ मध्ये त्याचा विभाग बंद झाला. कारखान्याने दिलेली आबफिंडुंग, म्हणजे नोकरी गेल्याची एकरकमी भरपाई, घेऊन तो बाहेर पडला आणि त्याच महिन्यात एबरहार्डने दुकान विकायला काढलं. मूलबाळ नव्हतं. एकच भाची होती, ती दूर कीलला.

"शेवटी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुकानदार होणार म्हणायचं तू," सुनेत्रा म्हणाली. ती श्टुटगार्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, घर तिच्या पगारावर चालू शकत होतं. "हो. इतकी वर्षं दुसऱ्यांची इंजिनं ऐकली," तो म्हणाला.

एबरहार्डची अट एकच होती. "काउंटरशेजारचं स्टूल माझं. अकराला माझी कॉफी. हे कागदावर नको, तू शब्द दे."

श्रीरंगने शब्द दिला.

त्यानंतरची वर्षं वाईट गेली. आधी कोरोनाने दुकान बंद ठेवलं. उघडलं तेव्हा सैनिक येईनासे झाले होते, त्यांच्या खिशातल्या फोनमध्येच सगळं होतं. टोपीवाले म्हातारे एकेक करून कमी झाले. मग श्रीरंगने रेकॉर्ड इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. ओस्लोपासून ओसाकापर्यंतचे संग्राहक मागवू लागले. दुकान चालायचं ते मागच्या खोलीतल्या पार्सलांवर. पुढचा भाग म्हणजे एबरहार्डचं स्टूल आणि एबरहार्ड.

२०२२ च्या मार्चमध्ये हानेलोर पोटाच्या कॅन्सरने गेली. तिला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी एबरहार्ड अकराला दुकानात हजर होता. वर्षभराने तो विसरायला लागला.

आधी गाण्यांची नावं, मग रस्ते. मग तो स्टुलावरून उठून काउंटरमागे उभा राहू लागला. श्रीरंगने बांधून ठेवलेली पार्सलं तो फोडायचा आणि आतल्या रेकॉर्ड परत खणात लावायचा, वर्णानुक्रमाने, एकही न चुकता. गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही विकायची नाही. ही हानेलोरने बाजूला ठेवलीये." एकदा त्याने श्रीरंगच्या हातात झाडू दिला. "आल्झो, पोरा, मागची खोली नीट झाड. काल तशीच ठेवलीस."

श्रीरंगने खोली झाडली. घरी येऊन त्याने सुनेत्राला ती गंमत म्हणून सांगितली, पण सांगताना त्याला हसू आलं नाही.

आणि दिवसातून दहा वेळा प्रश्न, "हानेलोर कुठे आहे?"

"येईलच आता," श्रीरंग म्हणायचा. म्हातारा समाधानाने मान हलवायचा. "गेनाऊ. ब्रेट्झेल आणायला गेली असेल." आणि बसून राहायचा. संध्याकाळपर्यंत.

२०२४ च्या फेब्रुवारीत हायडेलबर्गहून एक बाई आल्या. निवृत्त प्राध्यापक होत्या, त्यांना आपल्या संस्थेसाठी दुकानातला जुना साठा सगळाच्या सगळा हवा होता. श्रीरंगने तीन महिने त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. त्या पहिला खण चाळत असतानाच एबरहार्ड काउंटरमागून ओरडला, "बाई, याच्याकडून काही घेऊ नका! हा झाडूवाला आहे. मालक नसला की हा माल विकतो. चोर आहे चोर!"

श्रीरंगने समजवायचा प्रयत्न केला. एबरहार्डने त्याची कॉलर धरली. बाईंनी घाईने पर्स उचलली, "मी नंतर फोन करते" म्हणाल्या आणि गेल्या. तो फोन कधी आला नाही.

दार बंद झाल्यावर एबरहार्डने कॉलर सोडली, टोपी सारखी केली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हानेलोर कुठे आहे?"

"मेली," श्रीरंग म्हणाला. "दोन वर्षं झाली. पोट सडून मेली. तूच पुरलीस तिला."

एबरहार्डचं तोंड उघडंच राहिलं. त्याने काउंटरला धरलं. "कधी?" त्याने विचारलं. "मला कुणी का नाही सांगितलं?" मग तो लहान मुलासारखा, श्वास अडकत अडकत रडला. कोट न घालता बाहेर पडला आणि भिंतीला हात लावत घराकडे गेला. श्रीरंग दारात उभा राहून बघत होता. त्याला लाज वाटली. पण त्या दुपारी त्याने सतरा पार्सलं बांधली आणि एकही फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला एबरहार्ड हसत आला. त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं.

श्रीरंगने आठवडाभर स्वतःला आवरलं. मग एका गुरुवारी काम फार होतं, म्हणून पुन्हा सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोनदा. एप्रिल उजाडेपर्यंत ते रोजचं झालं होतं. अकराला तो कॉफी द्यायचा, कारण शब्द दिला होता. म्हातारा कॉफी संपवायचा. सव्वाअकराच्या सुमाराला प्रश्न यायचा, आणि श्रीरंग काम थांबवून त्याच्याजवळ जायचा.

ते कसं सांगायचं हे त्याला हळूहळू कळत गेलं. ओरडलं तर एबरहार्ड भांडायचा, पुरावा मागायचा, अर्धा तास जायचा. हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांत बघून सांगितलं की पाच मिनिटांत विषय संपायचा. "एबरहार्ड, ऐक. हानेलोर आता नाहीये. मार्चमध्ये गेली. तिला त्रास झाला नाही." मग कोट चढवायला मदत, टोपी हातात, आणि दार. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, कोण कुणाचा, पण किती जपतो. बेकरीतल्या फ्राऊ मेट्सगर तर म्हणाल्याही, "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो."

सुनेत्रा सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी दुकानात आली. तिचं होम ऑफिस होतं, आणि श्रीरंग डबा विसरला होता. सव्वाअकरा वाजले होते. तिने दारातूनच पाहिलं. खांद्यावरचा हात, हळू आवाज, म्हाताऱ्याचा पांढराफटक पडलेला चेहरा. एबरहार्ड रडत बाहेर गेला तेव्हा तिचेही डोळे भरून आले.

"बिचारा. आत्ता कळलं का त्याला? इतक्या दिवसांनी?"

"विसरतो गं तो."

"किती छान समजावलंस. मला नसतं जमलं."

गुरुवारी ती मुद्दाम आली. एबरहार्डसाठी तिने घरून रव्याचे लाडू आणले होते. तो लाडू खात होता, तिला हॅनोव्हरची एक जत्रा वर्णन करून सांगत होता, हसत होता. मग त्याने विचारलं, "हानेलोर कुठे आहे? तिला पण दे एक."

श्रीरंगने हातातली टेप खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि स्टुलाजवळ आला. तोच हात, त्याच खांद्यावर. "एबरहार्ड, ऐक. हानेलोर आता नाहीये. मार्चमध्ये गेली. तिला त्रास झाला नाही."

शब्द नि शब्द तोच होता. अर्धा लाडू एबरहार्डच्या हातातून पडला.

तो गेल्यावर सुनेत्राने खाली पडलेला अर्धा लाडू उचलला. मग तिने विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"फेब्रुवारीपासून."

"रोज?"

"रविवारी दुकान बंद असतं."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भडकला. "मग तू बस ना इथे! तू दे उत्तरं, दहा-दहा वेळा. पार्सलं फोडतो तो. मला चोर म्हणतो, झाडू देतो हातात. आणि मी खोटं काही सांगत नाही."

"बायको मेल्याचं रोज नव्याने कळतं त्या माणसाला, श्री. रोज."

"दुसऱ्या दिवशी आठवत नाही त्याला."

"तुला आठवतं ना?"

त्याने कबूल केलं, उद्यापासून नाही. आणि त्याने ते खरंच पाळलं. शुक्रवारी प्रश्न आला तेव्हा तो "येईलच आता" म्हणाला आणि जवळ गेला, सहज म्हणून, रिकामा कप उचलायला. त्याने हात पुढे केला तसं एबरहार्डने दोन्ही कान झाकले. मान खांद्यात घेतली. "नको," तो म्हणाला. "नको, नको."

"काय नको, एबरहार्ड?"

ते त्याला सांगता येत नव्हतं. काय झालंय हे तो विसरला होता, पण हा माणूस जवळ आला की काहीतरी भयंकर होतं एवढं त्याच्या अंगाला कळलं होतं. सोमवारपासून तो दुकानात येईना. अकराला यायचा, पण समोरच्या फुटपाथवर उभा राहायचा. दुकानाच्या पाटीकडे बघायचा, एक पाय खाली टाकायचा, परत वर घ्यायचा. श्रीरंगने दार उघडून कॉफीचा कप दाखवला की तो दोन पावलं मागे सरकायचा. थंडी पडू लागली तरी तो तिथेच. तासन् तास.

फ्राऊ मेट्सगर त्याला बेकरीत बसवायला बघायच्या. तो म्हणायचा, "माझं दुकान समोर आहे."

नोव्हेंबरच्या मध्यावर एके सकाळी गल्लीतले दगड गोठून निसरडे झाले होते. एबरहार्ड कोट न घालताच आला होता, ओठ निळे पडलेले. श्रीरंगला राहवलं नाही. स्वतःचा कोट घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. "एबरहार्ड, आत चल. काही नाही सांगत मी तुला. शप्पथ. नुसता कोट घाल."

एबरहार्डने त्याला येताना पाहिलं आणि तो पळाला. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, उतारावर, बर्फाळ दगडांवर. चार पावलांत पडला. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज श्रीरंगला ऐकू आला. तो जवळ जाऊन गुडघ्यांवर बसला तेव्हा म्हातारा वेदनेने कण्हत होता, आणि तशातही कोपराने त्याला दूर ढकलत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत फ्राऊ मेट्सगर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. श्रीरंग रस्त्यापलीकडे उभा राहिला.

ऑपरेशननंतर त्याला फ्लेगेहाइममध्ये, वृद्धांच्या शुश्रूषागृहात हलवलं. कीलची भाची आली. तिने श्रीरंगचे दोन्ही हात हातात घेतले. "शेजाऱ्यांनी सगळं सांगितलं मला. रोजची कॉफी, रोजची विचारपूस. घरचंही कुणी इतकं करत नाही. त्यांच्या घरातल्या रेकॉर्ड तुम्हीच ठेवा. त्यांनाही तेच आवडेल." तो "नको" म्हणणार होता, पण म्हणाला नाही. त्या रेकॉर्ड दुर्मीळ होत्या. महिन्याभरात सगळ्या गेल्या. शेवटची एक ओस्लोला.

भाचीच्या आग्रहाने तो एकदा भेटायला गेला. एबरहार्ड खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता, पार वाळलेला. नर्स म्हणाली, "खूप शांत असतात. बायकोची वाट बघत बसतात, मजेत." श्रीरंग दारातच थांबला. एबरहार्डने वळून पाहिलं. नाव आठवलं नसावं. पण चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तू आलास," तो म्हणाला. "म्हणजे हानेलोर मेली."

नर्स गोंधळली. श्रीरंग मागे वळला. तो जिना उतरत होता तेव्हा वरून रडणं ऐकू येत होतं. दोन दिवसांनी तिथून फोन आला. हेर श्टेगर त्या भेटीनंतर जेवत नाहीयेत, आपण तूर्तास येऊ नये. तूर्तास कशाला, जानेवारीत एबरहार्ड गेलाच.

वसंतात श्रीरंगने गल्लीतली जागा सोडली. गावाबाहेर एक गोडाऊन घेतलं, खिडकी नसलेलं. धंदा आता पूर्वीपेक्षा बरा चालतो. तिथे कुणी येत नाही.

सुनेत्राने तो विषय पुन्हा काढला नाही. घर चाललं होतं, जेवणं होत होती. जूनमध्ये पुण्याहून तिच्या भावाचा फोन आला. बाबांना विसर पडायला लागला होता. दोनदा फिरायला गेले आणि घर सापडलं नाही. आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलेलं, तरी स्वयंपाकघरात जाऊन तिला हाका मारतात.

"इकडे आणू या त्यांना काही महिने," श्रीरंग म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं. "माझा वेळ माझा आहे. तू ऑफिसला असलीस तरी मी घरून पॅकिंग करीन. मी बघेन त्यांच्याकडे."

सुनेत्रा भांडी पुसत होती. ती थांबली नाही.

"नको," ती म्हणाली. "बाबांना तुझ्याजवळ एकटं नाही सोडायचं मला."

भावाने तिथेच दिवसरात्रीसाठी एक माणूस ठेवला. दर शनिवारी व्हिडिओ कॉल असतो. गेल्या वेळी बाबांची तब्येत बरी होती, सगळ्यांची नावं घेत होते. "जावईबापू दिसत नाहीत ते?" त्यांनी विचारलं.

"कामात आहे," सुनेत्रा म्हणाली.

श्रीरंग शेजारच्याच खोलीत होता. त्याने दार हळूच लोटून घेतलं.