त्रिवेणीची दाढ

त्रिवेणी रिझर्व्ह बँकेच्या हैदराबाद कार्यालयात अर्थतज्ज्ञ होती. बँका आणि फायनान्स कंपन्या कशाने डळमळतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. नव्वदीचं दशक होतं. ती राहायची त्या चिक्कडपल्लीत गल्लोगल्ली फायनान्स कंपन्या निघाल्या होत्या आणि जी ती बँकेच्या दुप्पट व्याज देत होती. पैसे कुठे ठेवू, असं शेजारीपाजारी त्रिवेणीला विचारत. कुठल्याही कंपनीबद्दल चकार शब्द काढायची तिला मुभा नव्हती, म्हणून ती नुसती हसायची. मग लोक तिच्या हसण्याचेच अर्थ लावू लागले.

एका सकाळी तिची दाढ ठणकायला लागली. सुजल्या गालाला पदर लावून ती दातांच्या डॉक्टरकडे निघाली. नेमकी गल्लीतल्या हिम्मतरावांच्या फायनान्स कंपनीसमोर कळ आली. "अगं आई गं!" म्हणत तिने डोळे मिटले आणि दिसेल ती रिक्षा धरली.

गोळ्या घेऊन परत येते तो काय, कंपनीसमोर ही रांग! ठेवी काढायची अशी पळापळ तिने आजवर पुस्तकातच वाचली होती. क्षणभर ती हरखून बघतच राहिली.

"आपा, सच बोलो," रांगेतला पानवाला म्हणाला, "कंपनी डूब रही क्या?"

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला: सकाळच्या तिच्या कळवळण्याचाही लोकांनी अर्थ लावला होता. तेवढ्यात हिम्मतराव घामाघूम होऊन धावत आले. "वहिनी, कंपनी ठणठणीत आहे, एवढंच सांगा हो!"

"ते मला सांगता येत नाही."

"ऐकलंत? सांगता येत नाही म्हणे!" रांग पुढे रेटली गेली.

"अहो, माझी दाढ दुखतेय!"

"वरून आदेश असला की असंच बोलावं लागतं," निवृत्त हेडमास्तर लक्ष्मणराव समजूतदारपणे म्हणाले.

त्रिवेणी चिडली. पायरीवर चढली आणि तिने 'आ' वासला. "या. बघा."

लक्ष्मणरावांनी चष्मा सावरला. पानवाल्याने टॉर्च धरला. आख्खी रांग श्वास रोखून उभी.

"किडलीय!" हेडमास्तरांनी निकाल दिला. "पार काळी पडलीय!"

मग एकेकाने येऊन खात्री करून घेतली. कुणी लवंग सुचवली, कुणी अफझलगंजचा हकीम. हकीम बरा की डॉक्टर, यावरून वाद पेटला आणि पैशांचं राहूनच गेलं. संध्याकाळी हिम्मतरावांनी शटर ओढलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आता कानउघाडणी होणार म्हणून त्रिवेणी मान खाली घालून उभी राहिली. साहेबांनी हसू दाबत सगळी हकिगत दोनदा ऐकली आणि म्हणाले, "लिहून काढा."

अफवेने ठेवीदार कसे बिथरतात यावरचा तिचा तो लेख गाजला. त्यात दाढेचा उल्लेख 'एक बाह्य कारण' एवढाच होता. वर्षभरात तिला मुंबईच्या मुख्य कार्यालयात बढती मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी पानवाल्याकडून तिला कळलं, की त्या दिवशी रांगेत पहिला नंबर तिच्या सासूबाईंचा होता.

"आई, तुम्ही?"

"हौ. मीच," पद्मावतीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "सगळे काढले."

"पण ती दाढ होती हो! नंतर परत ठेवायचे ना."

"नक्को गे. दाढ मला सकाळपासून ठाऊक होती. पण हिम्मतराव व्याजाचा आकडा सांगायचे ना, तेव्हा तुझं तोंड कसं उतरायचं ते बघितलंय मी."

त्रिवेणीने समोरची मेथीची जुडी ओढली आणि निवडायला बसली.