दमयंतीबाईंचा गुडघा आणि पा, रे, शी, वो

पा.

म्हणजे एक. गणिताचे निवृत्त मास्तर शामकांत यांनी सदुसष्टाव्या वर्षी लोजबान शिकायला घेतली. तर्काला धरून मुद्दाम रचलेली भाषा. एका शब्दाला एकच अर्थ. मास्तर भाळले ते तिच्या आकड्यांवर. एकोणसत्तर म्हणजे साठातले नऊ की सत्तरातले नऊ, हे त्यांनी नोकरीभर फळ्याकडे तोंड करून, बोटं मोजून ठरवलं होतं. लोजबानमध्ये सहा म्हणजे ख़ा, नऊ म्हणजे सो. ख़ासो. झालं.

रे.

भाषा मिळाली, बोलायला माणूस मिळेना. सावेडीत मास्तरांनी पुष्कळ गळ टाकले. शेजारच्या निकिताने मोबाईलमधून मान वर न काढता छान म्हटलं. जुना विद्यार्थी रविराज नागापूरच्या कारखान्यातून दोन रविवार आला. तिसऱ्या रविवारी, याने पगार वाढतो का, असं त्याने अदबीने विचारलं. चौथ्या रविवारी दोन्ही कप चहा मास्तरांनीच प्यायला. जिल्ह्यात लोजबानमध्ये मोजणारे एकूण पा. त्यांना फक्त आणखी एक माणूस हवा होता.

शी.

अशात त्यांच्या पत्नीचा, दमयंतीबाईंचा, गुडघा बदलला. पाय सरळ उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोजायला अर्थात मास्तर.

वो, मू, ख़ा

आणि मास्तर अडकले. सात आठवेना. बाईंचा पाय हवेत. तर्कशुद्ध भाषेत अंदाजपंचे चालत नाही, म्हणून त्यांनी पुन्हा

पा

पासून सुरुवात केली.

"अहो, दहा झाले का?"

"थांब जरा. सातावर गाडी अडतेय."

"गाडी तुमची, पाय माझा आहे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी आकडे कागदावर लिहून मागितले. हिला गोडी लागली, म्हणून मास्तर हरखले. गोडी कसली! नवरा विसरला की आपला पाय लटकतो, एवढाच तर्क बाईंना कळला होता आणि तो शुद्ध होता.

शुक्रवारी त्यांनी मास्तरांना गप्प बसवलं, पाय उचलला आणि स्वतः मोजलं.

"लाभ, रे, शी, वो, मू, ख़ा, झे, बी, सो, पानो."

मास्तरांचा ऊर भरून आला. पण लाभ?

बाईंचं माहेर बेलापूर. तिथे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्याने बरकत राहते.

"पहिला शब्द पा आहे," मास्तर म्हणाले.

"असेल. मी पहिल्याला लाभच म्हणणार. नवा गुडघा आहे, अपशकून नको."

"अगं, मग ती लोजबान राहत नाही."

"मग राहू दे. मी आपली मराठीत मोजते."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. शुद्ध मोजणारा एक, की अशुद्ध मोजणारे दोन? पहिलीतलं पोरही सोडवेल असं गणित. मास्तरांना चांगली पाच मिनिटं लागली. तोवर बाईंनी कागद घडी करून उशीखाली सारला होता आणि पाय पुन्हा उचलला होता.

"लाभ," मास्तर हळूच म्हणाले.

"रे," बाई म्हणाल्या.