बारा वाक्यांचा धनी

सर चाचणीच्या खोलीत आले तेव्हा ती पेन्सिलींना टोक काढत बसली होती.

"अरे! तू इथे?" सरांनी तिला बघताक्षणी ओळखलं. म्हणजे विसरले नव्हते. "मानसशास्त्रात एम.ए. करून शेवटी पेन्सिलीच का गं?"

"हो सर. टोक छान निघतं माझ्या हातून."

सर मनापासून हसले आणि खुर्चीत ऐसपैस बसले. एका बड्या हॉस्पिटलवाल्यांना समुपदेशक तयार करणारी नवी संस्था काढायची होती आणि तिला संचालक हवा होता. माणूस शोधायचं काम या नोकरभरतीच्या ऑफिसकडे होतं. शेवटच्या तिघांत सर होते. चाचणी झाली की लगेच शेजारच्या हॉलमध्ये मुलाखत.

घरात तिला सगळे 'चौकशी' म्हणायचे. थोरल्या भावानं ठेवलेलं नाव; लहानपणापासून सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची म्हणून. एम.ए. झाल्यावर आत्या म्हणाली होती, "एवढी शिकलीस, तर सांग बघू माझ्या सुनेच्या मनात काय चाललंय."

"तुम्ही कधी जाताय, हेच," चौकशी म्हणाली. आत्यानं तिच्याशी वर्षभर अबोला धरला.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी चौकशीनं बारा वाक्यं लिहिली होती. खोटं पकडणारी. 'दुसऱ्याच्या घरी गेल्यावर मी बाथरूममधलं कपाट कधीच उघडून पाहिलेलं नाही.' हे आत्यावरून. 'कुणाचं बाळ दिसायला बेताचं असलं, तर त्याला मी कधीच गोड म्हटलेलं नाही.' हे भावावरून. अशी वाक्यं लांबलचक चाचणीत मधेमधे पेरायची. जो सगळ्यांना छातीठोकपणे 'होय' म्हणेल, तो बाकीच्या ठिकाणीही थापा मारतोय असं समजायचं. अख्खं घरदार, नातेवाईक, शेजारीपाजारी पिळून तिनं ती बारा वाक्यं काढली होती. हातानं लिहिलेली एकच प्रत होती, ती सरांना दिली.

"कच्चं आहे," सर म्हणाले. "ठेवून जा."

मार्क इतके कमी दिले की पीएच.डी.चं दार कायमचं बंद झालं. दोन वर्षांनी चाचणी छापून आली. सरांच्या नावानं. बाराच्या बारा वाक्यं, स्वल्पविरामासकट. ती विभागात जाऊन भांडली. तिथं सगळ्यांसमोर सर हळुवार आवाजात म्हणाले, "अशी संशयी वृत्ती हे आजाराचं लक्षण असतं, बाळ. कुणाला तरी दाखवून घे." जे शास्त्र ती जीव टाकून शिकली, तेच त्या माणसानं तिच्या टाळक्यात हाणलं. नंतर ती जिथं अर्ज करी, तिथं तिच्याआधी ही बातमी पोचलेली असे.

मग मिळेल ते. शाळेत समुपदेशक झाली, तर मुख्याध्यापक तिला पीटीचे मास्तर आले नाहीत की मैदानावर पाठवायचे. बिस्किटांच्या कंपनीसाठी दारोदार फिरून तपकिरी रंग बघून काय आठवतं ते विचारलं. व्यसनमुक्ती केंद्रात सहा वर्षं काढली. तिथं जीव रमला, तर केंद्रच बंद पडलं. शेवटी या ऑफिसात चाचण्या घ्यायला लागली. तिच्या वर्गातली सगळ्यात हुशार मैत्रीण आता खेळण्यांच्या दुकानात कुठलं खेळणं किती उंचीवर ठेवलं की पोर जमिनीवर लोळण घेतं, ते ठरवते. तिचं बरं चाललंय.

आणि एकोणीस वर्षांनी सर असे आयते समोर. "कपाटात तीन चाचण्या आहेत, हवी ती लाव," बॉस बाई म्हणाल्या होत्या. चौकशीनं हवी ती लावली.

पुस्तिकेवर फक्त नंबर असतो, लेखकाचं नाव नसतं. सोबत एक कागद असतो: 'ही चाचणी मी पूर्वी पाहिलेली, वापरलेली किंवा तयार केलेली नाही.'

"सर, आधी चाळून बघा," ती म्हणाली. "ओळखीची वाटली तर दुसरी देते."

या माणसानं ती बारा वाक्यं आयुष्यात एकदा जरी नीट वाचली असतील, तर खेळ खलास.

सरांनी पानं फरफर उलटली. "दे गं. अशा छप्पन्न बघितल्यात." आणि झोकदार सही ठोकली.

अर्ध्या तासानं पुस्तिका परत देताना ते खुशीत होते. "मधेमधे सापळे आहेत, ओळखले मी. पण काय सापळे आहेत! ते बाथरूमचं कपाट! भलताच बेरकी माणूस दिसतोय. कुणी तयार केलीय?"

"तुम्ही, सर."

तिनं खणातून चाचणीचं मार्गदर्शक पुस्तक काढून समोर ठेवलं. त्यावर नाव होतं. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला.

"इतकी वर्षं झाली... विसरलो असेन."

"मग लिहून द्या. 'मीच तयार केली, पण वाचून ओळखू आली नाही.'"

सरांनी पुस्तक उलटं करून ठेवलं.

"नाहीतर लिहा, 'मी तयार केलेली नाही.' ते तर लिहिलंच आहे तुम्ही. सही खोटी की पुस्तक खोटं, एक काय ते निवडा."

"हे बघ." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "नव्या आवृत्तीत तुझं नाव घालतो. दुसरं."

"दुसरं?"

"बरं बाई, पहिलं! संस्थेत चांगली जागा देतो. हा कागद फाड. यात तुला काय मिळणार आहे?"

पहिलं. क्षणभर तिला ते नाव छापलेलं दिसलं.

"मला काही नको. तुम्हाला मिळू नये, एवढंच."

"हा निव्वळ सूड आहे!"

"अचूक निदान, सर."

सरांच्या अर्जातल्या कामगिरीत पहिलीच ओळ त्या चाचणीची होती. तो अर्ज, पुस्तकाचं पहिलं पान आणि सहीचा कागद, तिन्ही एकत्र टाचून तिनं बॉस बाईंसमोर ठेवली. बाईंनी दोनदा वाचलं.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मुद्दाम केलंस. हे मुलाखतवाल्यांपासून लपवता येणार नाही मला. आणि तुलाही ठेवता येणार नाही."

"तेही माहीत होतं, मॅडम."

सर हॉलमध्ये गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. लिफ्ट येईपर्यंत तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. चौकशी दारात येऊन उभी राहिली आणि लिफ्टचं दार लागेपर्यंत तिनं त्याला डोळे भरून पाहून घेतलं. वाईट वाटेल, अशी तिनं जरा वाट पाहिली. वाटलं नाही. मग तिनं डबा उघडला आणि पोटभर जेवली.