पाण्यात सांगितलेलं

शिंपीणबाई हे नाव तिला सुतारानं दिलेलं. ती छत्र्या, तंबू, दुकानांपुढची कापडी छपरं शिवायची आणि तो त्याच गाळ्याच्या पुढच्या भागात दारं-कपाटं करायचा. अकरा वर्षं एक कुलूप, दोन किल्ल्या. मधे भिंत नव्हती. त्याचा भुसा तिच्या कापडावर उडायचा, तिचे दोरे त्याच्या ओल्या पॉलिशला चिकटायचे, आणि त्यावरून दिवसातून एकदा तरी वाजायचं. एखाद्या दिवशी नाही वाजलं तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

रविवारी गाळा बंद. मग सुताराची जुनी गाडी, मागे दोन मोठे पतंग, दोन फळ्या, आणि समुद्र. काइटबोर्डिंगचं खूळ आधी त्याच्या डोक्यात शिरलं, तिला त्यानं ओढलं. पोहता येतं एवढंच तिचं भांडवल होतं. पहिल्या वर्षी हिनं निम्मा समुद्र पिऊन टाकला, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. पण पुढे तिला जमलं. कमरेच्या पट्ट्याला पतंग अडकवायचा, वारा भरला की पायांखालची फळी लाटेवर चढवायची, आणि मग नुसतं सुटायचं. त्या दोन-तीन तासांत तिला अडतिसावं लागल्याचं आठवत नसे.

तिच्या मनात काय आहे हे तिच्या ताईला केव्हाच कळलं होतं. ताई शाळेत गणित शिकवायची. गोल गोल बोलणं तिला माहीत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार, असं ती दर महिन्याला विचारायची. त्या रविवारी सकाळी तर तिनं दारातच अडवलं आणि आज बोलल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणून बजावलं.

म्हणून गाडीत बसल्या बसल्या, धीर जायच्या आत, शिंपीणबाई म्हणाली, "पाण्यातून बाहेर आल्यावर तुझ्याशी थोडं बोलायचंय."

सुतारानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मलाही," तो म्हणाला.

त्या एका शब्दावर तिनं उरलेल्या रस्त्यात काय काय बांधलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

दुपारी वारा छान होता, अंगात न मावणारा. तिनं त्याचा पतंग वर सोडला, त्यानं तिचा. दोघं बराच वेळ शेजारी शेजारी पळत होते. मधेच तो उंच उडी मारून तिच्याकडे बघायचा आणि ती हात उडवून, असली फुशारकी पुष्कळ पाहिली, अशी खूण करायची. किनारा मागे लहान होत गेला. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, तिच्या पतंगाच्या त्या नळीची शिवण दोन महिन्यांपासून विरत चालली होती. सुताराच्या पतंगाची प्रत्येक शिवण ती दुहेरी घालून द्यायची. स्वतःच्याला मात्र पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. ती शिवण त्या दुपारी उसवली, नळी फुटली आणि ताठ पतंग ओल्या चादरीसारखा पाण्यावर पडला.

वारा तिरपा, आत समुद्राकडे नेणारा. फळी तिच्या पायातून निसटली होती. दोऱ्या गुंडाळायला गेली तर लाटेनं त्या तिच्याच पायांत घातल्या. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण सुतारानं पाहिलं होतं. तो वळून आला, आपलीही फळी त्यानं सोडून दिली आणि पाण्यात तिच्याजवळ आला. एका हातानं स्वतःचा पतंग सांभाळत त्यानं तिच्या पायांतल्या दोऱ्या सोडवल्या.

"पतंग जाऊ दे," तो म्हणाला. "माझ्या पट्ट्याला मागून धर. दोन्ही हातांनी. काही झालं तरी सोडायचं नाही."

तिनं धरलं. पतंगानं दोघांना ओढायला सुरुवात केली, हळूहळू, नागमोडी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिचा गाल त्याच्या पाठीला टेकला होता. अकरा वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. भीती ओसरली तसं तिला वाटू लागलं, किनारा थोडा सावकाशच यावा.

मग मान न वळवता तो म्हणाला, "मी लग्न करतोय."

तिला आधी वाटलं, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

"ती ग्रंथपाल. जिच्या वाचनालयाची कपाटं केली ती."

कपाटं मोजायला पाच खेपा कशाला लागतात, अशी तिनंच गाळ्यात त्याची थट्टा केली होती. तोही हसला होता.

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. लग्न पुढच्या महिन्यात. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे राहायचं तिच्या गावी. गाळ्याचा आपला अर्धा भाग तो सोडणार होता. नेमकी तेव्हाच शिंपीणबाईच्या तोंडावर लाट आली. ती खोकत राहिली. पाणी गेलं का, असं त्यानं विचारलं. गेलं थोडं, ती म्हणाली. आणि मग, कुणीतरी म्हणायलाच हवं म्हणून, "छान झालं" असंही म्हणाली. अजून किनाऱ्याला पाव तास होता. तो सगळा वेळ तिला त्याला घट्ट धरून राहावं लागलं.

वाळूवर आल्यावर ती तिथंच खाली बसली. त्यानं टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला आणि स्वतः खाली मान घालून दोऱ्या गुंडाळत बसला. गुंडाळून झालेल्या दोऱ्या त्यानं सोडल्या आणि पुन्हा गुंडाळायला घेतल्या.

"तुला काय बोलायचं होतं?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायला एक का, शंभर गोष्टी होत्या. मशीन बिघडलंय, गाळ्याचं छत गळतंय. पण ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला खोटं पेलवत नाही.

"हेच," ती म्हणाली. "फक्त तिच्या जागी मी."

सुताराचे हात थांबले. "ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"मला टायफॉइड झाला, तू आठ दिवस गाळा उघडला नाहीस. तेव्हापासून."

त्या टायफॉइडला सात वर्षं झाली होती. सात वर्षं तो भुशावरून भांडत होता, तिच्या डब्यातलं खात होता, आणि सगळं माहीत असून दर रविवारी गाडी तिच्या दारात आणत होता. मग बोललास का नाही, असं तिनं विचारलं. बोललो असतो तर तू रविवारी आली नसतीस, तो म्हणाला. ते खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त लागलं.

"आणि आज पाण्यात सांगितलंस?"

"तोंडाकडे बघून नसतं जमलं."

"मी हात सोडला असता तर?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तू सोडणार नाहीस, हे माहीत होतं."

तिच्या मनात आलं, मूठभर वाळू उचलून त्याच्या तोंडावर मारावी. पण त्याचे डोळे भरले होते, आणि तो रडत असताना त्याला कसं मारायचं हे तिला कळत नव्हतं. ती उठली आणि त्याच्याबरोबर उरलेल्या पतंगाची घडी घालायला लागली, कारण ती एकट्याला घालता येत नाही.

घरी जायला त्याच्याच गाडीशिवाय सोय नव्हती. चाळीस मिनिटं दोघं ओल्या कपड्यांत शेजारी बसले. ती उतरताना तो काही म्हणायला गेला, तिनं गाडीचं दार लावून टाकलं.

ताईनं तिचा चेहरा बघितला. पाणी तापवलं, तिला मोरीत बसवलं आणि लहानपणी घालायची तसं डोक्यावरून न्हाऊ घातलं. केसांतून वाळू निघता निघेना. तिसऱ्या तांब्याला शिंपीणबाईला रडू फुटलं. ताई नुसतं पाणी ओतत राहिली आणि पुटपुटली, "माझंच चुकलं गं."

लग्नाला ती गेली नाही. त्यानं सामान हलवलं त्या दिवशी ती गिऱ्हाइकाच्या दुकानाची मापं घ्यायला मुद्दाम लांब गेली. पुढच्या सहा महिन्यांत त्याचे तीन फोन आले, तिन्ही वाजून वाजून थांबले. चौथा तिनं उचलला. कशी आहेस, असं त्यानं विचारलं. काम खूप आहे, ती म्हणाली. मग त्याच्या सासऱ्यांची तब्येत, तिकडचा उन्हाळा, असं चार मिनिटं चाललं. शेवटी तो म्हणाला, तुझी आठवण येते. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली.

"जा," ती म्हणाली. "गार होईल."