समोरची खुर्ची

गेल्या सहा वर्षांत मी निदान चाळीस कंपन्यांच्या साहेबांच्या वाटणीची बोलणी खाल्ली आहेत. तीही घरबसल्या, सकाळी दहा ते बारा. आमची ही गुंतवणूकदारांच्या एका ऑनलाइन फोरमवर देखरेख करते. शेअर घेतलेली माणसं तिथे कंपनीच्या साहेबलोकांवर तोंडसुख घेतात, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं ते ही ठरवते. नियम एकच. कामावर बोला, माणसावर नको.

आधी ती कोर्टात स्टेनो होती. तिथे जबाब घेतला की तो त्या माणसाला वाचून दाखवत. ती सवय काही सुटली नाही. एखाद्या मजकुराची शंका आली की ती मला टेबलासमोरच्या खुर्चीत बसवते आणि मीच तो साहेब असल्यासारखं मोठ्यांदा वाचते. तोंडावर म्हणता येतं ते राहतं, म्हणायला लाज वाटते ते जातं. मी जन्मभर बसची इंजिनं दुरुस्त केली, पण या खुर्चीत झाला तेवढा पाणउतारा कुठल्या फोरमननंही केला नाही.

त्या सोमवारी तक्रार आमच्याच मुलावर आली. तो पंप बनवणाऱ्या कंपनीचा मुख्य अधिकारी आहे. लिहिणाऱ्यानं नाव लावलं होतं 'जुना भागधारक'. नवा कारखाना दोन वर्षं रखडलाय, आणि सभेत कारण विचारलं की साहेब उत्तर हाताखालच्यांवर ढकलतात, असं त्याचं म्हणणं. शेवटी एक ओळ होती, की साहेबांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत चहा गार होतो.

मुलगा लहानपणापासून अडखळत बोलतो. ती ओळ हिनं काढली, बाकीचं ठेवलं. मग फोरमचं काम तिच्या जोडीनं पाहणाऱ्या दंतवैद्यांना फोन केला, की हा माझा मुलगा आहे, मूळ मजकूर तुम्हीही बघा. त्यांनी बघून सांगितलं, मीही तेवढीच ओळ काढली असती.

दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला. गुरुवारी भागधारकांची सभा होती आणि त्याला पदावर ठेवायचं की नाही यावर तिथेच मतदान होणार होतं. आईनं सगळाच मजकूर काढावा, एवढंच त्याचं मागणं. नियम त्याला पाठ होता, पण आईकडे माणूस नियम विचारायला थोडाच येतो.

हिनं मला उठवलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि उरलेला मजकूर सावकाश वाचून दाखवला. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मी का ढ-ढकलतो ते तुला माहीत आहे, आई."

"माहीत आहे. पण ढकलतोस ना?"

तो न जेवता गेला. मला हिचा भयंकर राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. रात्रीसाठी केलेली त्याच्या आवडीची भाजी आम्ही दोन दिवस खाल्ली.

गुरुवारी दुपारी सभा आम्ही कॉम्प्युटरवर पाहिली. कारखान्याचा प्रश्न आला तसा शेजारच्या अधिकाऱ्यानं सवयीनं माइक स्वतःकडे ओढला. आमच्या मुलानं तो परत घेतला. यंत्रं निवडण्याचा निर्णय माझा होता, तो चुकला, कारखाना येत्या मार्चमध्ये सुरू होईल, असं त्यानं सांगितलं. उलट प्रश्नांसकट अकरा मिनिटं लागली. 'निर्णय' या शब्दावर तर तो इतका अडला की शेवटी इथे बसून मीच तो शब्द म्हणून टाकला. कुणी हसलं नाही. मतं त्याच्या बाजूनं पडली. ती पडली नसती तरी माझी छाती तेवढीच फुगली असती.

शुक्रवारी सकाळी फोरमवर 'जुना भागधारक' पुन्हा आला. हिनं मजकूर मनातल्या मनात वाचला, उठली आणि चष्मा माझ्या हातात दिला. मग स्वतः समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. उत्तर उशिरा मिळालं, पण साहेबांनी स्वतः दिलं. मार्च चुकला तर पुन्हा विचारीन. आणि या माणसाला ज्या आईनं वाढवलं, तिला माझा नमस्कार.

"पुन्हा वाचा. शेवटचं."

मी पुन्हा वाचलं. तिनं पदरानं डोळे पुसले, चष्मा मागून घेतला, आपल्या जागेवर येऊन बसली आणि ती शेवटची ओळ काढून टाकली.