मेहरुनच्या चुलीवरचा चीक

वडगाव रासाईच्या त्या आळीत उन्हाळा लागला की कुरडयांचा पहिला गहू विठाबाईच्या घरी भिजायचा. मग बाकीच्यांच्या. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण विठाबाईचा चीक कधी फसला नव्हता, आणि इतरांचा अधूनमधून फसायचा, म्हणून बायका आपापली पातेली घेऊन तिच्याच चुलीपाशी यायच्या. गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक उकळत्या पाण्यात ओतायचा आणि घोटत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्या म्हणून समजायचं. विठाबाई चव बघायची नाही, घड्याळही बघायची नाही. दुधासारखा पांढरा रंग जाऊन पातेल्यात काचेसारखी झाक आली की म्हणायची, "उतरवा." तोवर आळीतली पोरं वाट्या घेऊन ओट्यावर हजर असायची, कारण गरम चिकावर साखर आणि तूप घालून खायची मजा नुसत्या कुरडईत नसते.

यंदा तिच्या घरी गहू भिजला नाही. पौषात तिचा मुलगा सत्यजीत गेला. रांजणगावला एका कंपनीत तो कामाला होता. पहाटे पाळी सुटल्यावर मोटरसायकलवर घरी निघाला आणि धुक्यात रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. लग्नासाठी मुली बघणं चाललं होतं.

ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी वर्षभर वाळवण घालत नाहीत. पापड, कुरडया, सांडगे, काहीच नाही. भावकी आणि शेजारपाजार आपल्यातलं थोडं थोडं त्या घरी पोचवतात. पण यंदा आळीत एक गोंधळ झाला. आपण दिलं नाही तर विठाबाईच्या घरी काहीच राहायचं नाही, असं प्रत्येकीला वाटलं. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. चैत्र सरता सरता विठाबाईच्या घरात पलंगाखाली, फळीवर, देव्हाऱ्याच्या बाजूला, जिथं बघावं तिथं डबे झाले.

त्यात परवा आळीतली गिताबाई आणखी एक डबा घेऊन आली.

"वैनी, कुरडया हायेत. जास्त न्हाई, आपल्या चार," असं म्हणत तिनं घरात नजर टाकली आणि तोंडावर पदर धरला. "आगं बया! हितं तर दुकान मांडता यील!"

विठाबाईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून ते तिचं तिलाच परकं वाटलं. तिनं डबा उघडला. कुरडया तांबूस होत्या आणि वास किंचित आंबूस. गहू भिजताना पाणी बदललेलं नव्हतं, हे तिला बघता क्षणी कळलं. आगं, एवढ्या उन्हात पाणी रोज बदलावं लागतं, असं ओठांवर आलं. पण दुखवट्याच्या घरी आलेल्या वस्तूत खोट काढायची नसते.

"चांगल्या झाल्यात," ती म्हणाली.

"व्हय ना? तुमच्यावाचून पयल्यांदाच केल्या," गिताबाई खूश होऊन म्हणाली आणि गेली.

डबे परत द्यायची आणखी एक अडचण होती. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि दुखवट्याच्या घरून वर्षभर काही बाहेर द्यायचं नसतं. म्हणजे डबे तसेच पडून राहणार. विठाबाई त्यांच्यामध्ये बसून राहायची. दुपारी घर तापायचं, बाहेर आळीत सोऱ्यांची करकर ऐकू यायची, आणि ती बसून राहायची. दुःख होतंच. पण ते बसलेल्या हातांत जास्त होतं, हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं.

नवऱ्याला, पोपटरावांना, तर नाहीच. ते दूध सोसायटीचे संचालक. गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी स्वतः दाढी वाढवली होती, पायात चप्पल घालणं सोडलं होतं, गावातल्या लग्नांना ते नुसते दारातून हात जोडून परत येत. "वरीस नीट पाळायचं," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पोराचं नाव त्या दिवसापासून त्यांनी घेतलं नव्हतं. पोरासाठी आता करण्यासारखं जे काही उरलं होतं, ते म्हणजे पाळणं. विठाबाईला हे कळत होतं, म्हणून ती गप्प होती.

परड्यातल्या झाडांना पाणी घालायचं तेवढं तिनं सोडलं नव्हतं. मोगरा, अळू, गवती चहा आणि भिंतीवर चढलेला दोडक्याचा वेल. भीमेचं पाणी आटलं होतं, नळ एक दिवसाआड यायचा, म्हणून भांडी विसळलेलं पाणी ती झाडांना घालायची. ती वेलापाशी वाकली होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून मेहरुनची हाक आली.

"वैनी, हायसा का?"

मेहरुन म्हणजे मोटारी वाइंडिंग करणाऱ्या चांदभाईची बायको. भिंतीवर आधी तिचा उजवा हात दिसला, मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळलेला, आणि मग तिचं तोंड.

"काय गं, हे काय झालं?"

"पायरीवरनं घसरले. मोडलं न्हाई, मुरगळलं. पर गहू भिजून बसलाय ना! आज वाटून गाळला सुनेनं, आन् ती उद्या सकाळच्या गाडीनं दौंडला माहेरी जातीय. उद्या चीक शिजवला न्हाई तर आंबल. एका हातानं काय घोटू?"

"गितीला बोलव."

"गितीला?" मेहरुननं डोळे मोठे केले. "तिच्या कुरडया बघितल्या का तुम्ही? मलाबी दिल्यात."

विठाबाई वेलाच्या बुडाशी पाणी मुरत होतं तिकडं बघत राहिली. "माझ्या घरी दुखवटा हाय, मेहरुन."

"तुमच्या घरी हाय. माझ्या घरी न्हाई. गहू माझा, चूल माझी, मीठ माझं. तुम्ही नुसता हात लावा." मग तिचा आवाज उतरला. "न्हाई म्हणालात तर राग न्हाई, वैनी. टाकून दीन म्हशीला."

चांगला चीक म्हशीला!

सकाळी पोपटराव दूध संकलनाला गेले तशी ती पदर खोचून मेहरुनच्या अंगणात गेली. विचारून गेली नाही. विचारलं असतं तर उत्तर माहीत होतं.

चुलीवर पाणी उकळू लागलं. मीठ आणि हिंग पडलं. विठाबाईनं चिकावरचं निवळलेलं पाणी हलक्या हातानं ओतून टाकलं, खालचा घट्ट चीक मोकळा केला आणि धार लावली. दुसऱ्या हातानं ढवळणं सुरू. पहिले काही क्षण हात अवघडला, मग आपोआप फिरायला लागला. पातेल्यात बुडबुडे फुटून फटफट आवाज येऊ लागला. मेहरुन डाव्या हातात चिंध्या घेऊन पातेल्याचा काठ धरून होती. दोघी घामानं भिजल्या होत्या. बोलायला उसंतच नव्हती.

"विठा."

दारात पोपटराव उभे होते. अनवाणी, खांद्यावर टॉवेल. घरी दार लोटलेलं बघून ते परड्यात गेले होते आणि तिथून त्यांना ती दिसली होती.

"घरी चल."

"चलते. हे होऊ द्या."

"आत्ता चल. वरीस झालं न्हाई अजून." त्यांचा आवाज चढला नव्हता, फाटला होता. "एवढी काय घाई झालीय तुला? संपलं का सगळं?"

विठाबाईला ते शब्द लागले. पातेल्यातला रंग नेमका बदलत होता. मधे झाक आली होती, कडेला अजून पांढरं होतं. "आत्ता हात काढला तर गाठी व्हतील," ती मान वर न करता म्हणाली. "सोडता येत न्हाई मला. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी ऐकते."

"आबा, बोलावलं मी—" मेहरुन त्यांच्याकडं वळली, आणि तेवढ्यात तिच्या हातातली चिंधी सटकली. पातेलं चुलीवर एका अंगाला कलंडलं. तिनं उजवा हात पुढं केला आणि कळ येऊन ओरडली.

पोपटराव दोन ढांगांत आले. खांद्यावरचा टॉवेल पातेल्याच्या काठाला लावून त्यांनी ते सावरलं आणि चुलीपुढं उकिडवे बसले. सोडून देता येत नव्हतं, कारण विठाबाईचा हात थांबला नव्हता. धूर त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं. तिच्या गालावर घाम होता, पाणीही असेल. पण ती पातेल्याकडं अशी बघत होती, की पौषापासून तिनं कशाकडंच तसं बघितलं नव्हतं. एवढे दिवस आपण जिच्याशी जेवणापुरतं बोलत होतो, ती बाई ही नव्हती, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. ते उठले नाहीत.

"उतरवा," विठाबाई म्हणाली.

त्यांनी पातेलं उतरवलं. आता थांबायचं नव्हतं. चीक गार झाला तर सोऱ्यातून पडत नाही. बाजेवर धुतलेलं पातळ पसरलेलं होतं. विठाबाईनं सोऱ्या भरला, दाबायला गेली, पण तो दबेना. इतके महिने बसलेल्या अंगात तेवढा जोर नव्हता. पोपटरावांनी सोऱ्या तिच्या हातातून घेतला आणि दाबला. चीक गरम धारांनी खाली आला.

"गोल फिरवा. गोल," ती म्हणाली. "म्हशीला दावं बांधताय का?"

पहिली कुरडई वेडीवाकडी पडली. दुसरी जरा बरी. मेहरुन चुलीतली लाकडं मागं ओढत पाठमोरी बसून राहिली. पोपटरावांच्या अंगठ्याला चीक चिकटला होता, तो त्यांनी तोंडात घातला.

"मीठ कमी हाय."

"कमीच टाकायचं असतंय. वाळल्यावर पाणी जातं, मीठ तेवढंच ऱ्हातं. इतकी वर्सं खाताय आन् एवढं म्हाईत न्हाई?"

"कुणी सांगितलं कधी मला?"

"सत्यजीतला म्हाईत होतं," ती बोलून गेली.

नाव अंगणात पडलं. विठाबाईच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. लाकडं ओढायचा आवाजही थांबला. पोपटराव बाजेवरच्या ओल्या कुरडयांकडं बघत होते. ऊन भिंतीवरून उतरून पातळाच्या कडेपर्यंत आलं होतं.

"कवा शिकला त्यो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"शाळेत असताना. मीठ कमी का टाकती म्हणून त्यानं विचारलं, मी म्हणलं आईनं शिकवलं म्हणून. तर मलाच सांगितलं, पाणी जातं म्हणून."

"माझ्यापाशी कवा बोलला न्हाई."

"तुमच्यापाशी दुसरं बोलायचा."

त्यांनी मान हलवली. पातेल्यात अजून निम्मा चीक होता आणि वरच्या बाजूनं तो घट्ट व्हायला लागला होता. पोपटरावांनी रिकामा झालेला सोऱ्या दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"भर," ते म्हणाले. "गार व्हतोय."