उलट्या हाताची वाइन

समोरच्या रोक्कालूपा गावचा माणूस आमच्या अंगणात बसून वाइन पिणार, हे माझ्या सासऱ्यांना सांगायचं कुणी? अर्थात मीच. या घरात नको ते बोलायचं काम सुनेकडे असतं.

"बाबा, आज पाहुण्यांबरोबर कोर्रादोही आत येणार आहे."

"ड्रायव्हर फाटकाबाहेर थांबतो," एवारिस्तोबाबा म्हणाले.

"तो नुसता ड्रायव्हर नाही. तुमच्या नातीला त्याच्याशी लग्न करायचंय."

"समोरच्या टेकडीवरच्या पोराशी? हावरट मेले! चर्चची दुपारची घंटासुद्धा आपल्याआधी वाजवून जेवायला बसतात!"

दोन गावांमध्ये एक दरी आहे, आणि एक जुनं भांडण. ते कशावरून झालं हे कुणालाच आठवत नाही, त्यामुळे मिटवताही येत नाही. माझी लेक नीवेस मात्र हटून बसली होती. आजोबांनी कोर्रादोच्या ग्लासाला ग्लास लावला तरच लग्न, नाहीतर जन्मभर अशीच राहीन म्हणाली. हट्टीपणा कुणाकडून आला ते सांगायला नकोच.

सुट्टीवर आलेल्या लोकांना व्हॅनमध्ये घालून टेकडीवरची गावं दाखवायची आणि वाटेत वाइन चाखवायची, हा कोर्रादोचा धंदा. त्या दिवशी त्याच्याबरोबर एक डॅनिश जोडपं होतं, प्रेबेन आणि बिर्ते. सकाळपासून तीन गावांचे जिने चढून दोघांचे गुडघे बोलायला लागले होते. अंजिराखालच्या टेबलावर मी पाव, मेंढीचं चीज आणि बाबांनी केलेली यंदाची वाइन मांडली. प्रेबेननं ग्लास हातात घेतला आणि गोल गोल फिरवत बसला.

"पितोय की जोजवतोय तिला?" बाबा पुटपुटले. मग कोर्रादोकडे वळले. "तू सांग रे. कशी आहे?"

कोर्रादोनं घोट घेतला. "खरं सांगू? मागच्या वर्षीची जास्त चांगली होती."



"मागच्या वर्षीची तू कुठे प्यायलास?"

"नीवेसनं चोरून आणली होती."

नीवेसनं टेबलाखालून त्याला लाथ मारली. पण बाबा चिडले नाहीत. उलट मिशीत हसले. "बरोबर आहे. यंदा मी द्राक्षं उतरवायची घाई केली."

आता जमलंच, असं मला वाटलं. कोर्रादोलाही तसंच वाटलं असणार, कारण तो आनंदानं उठला आणि बाबांचा ग्लास भरायला धावला. मध्ये बिर्ते बसलेली. तिच्या डोक्यावरून हात नेताना त्याचं मनगट उलटं फिरलं. तळवा आभाळाकडे, आणि धार बाबांच्या ग्लासात.

 आमच्याकडे दगाबाज तसा ओततो. म्हणे, अंगठीत लपवलेलं विष पूर्वी असाच हात उलटा करून ग्लासात पाडत. शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. नीवेसनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"गद्दार!" बाबा कडाडले.

डॅनिश जोडप्याला वाटलं, ही इथली ग्लास उंचावायची पद्धत. दोघांनी हसत ग्लास वर केले. "गद्दार!"

बाबांनी बाटली हिसकावली. "असं ओततात? आईनं काही शिकवलं की नाही? बघ! तळवा खाली! मनगट सरळ! असं!" आणि शिकवण्याच्या भरात त्यांनी कोर्रादोचा ग्लास काठोकाठ भरला.

"काय हो बाबा," मी म्हटलं, "रोक्कालूपाच्या माणसाला स्वतःच्या हातानं वाढलंत?"

ते थबकले. आपला ग्लास, त्याचा ग्लास, दोन्हींकडे बराच वेळ पाहत राहिले. मग उलट्या हाताचा तो ग्लास कोर्रादोपुढे सरकवला आणि त्याचा स्वतःकडे ओढला.

"पी."

कोर्रादोनं एका दमात संपवला. बाबा त्याच्याकडे टक लावून होते.

"मेला नाही," ते म्हणाले. मग त्याचा रिकामा ग्लास नीट, तळवा खाली ठेवून भरला. "उचल. आणि इकडे बघ, माझ्या डोळ्यांत. खाली काय बघतोस?"

ग्लासाला ग्लास लागला. नीवेस धावत जाऊन आजोबांच्या गळ्यात पडली, आणि मी डॅनिश पाहुण्यांसमोर ढसाढसा रडले. लाजबीज काही वाटली नाही.

बाबांनी नातीच्या खांद्यावरून मान बाहेर काढली आणि कोर्रादोला बोट दाखवलं.

"लग्नात बाटलीला हात लावलास, तर याद राख!"